देणारी सुई, घेणारी सुई : विणकाम शिकवणाऱ्या मैत्रिणींना खुलं पत्र

ठाण्यात आणि खाडीपलीकडे नवी मुंबईत, घरी, सोसायटीच्या हॉलमध्ये, महिला मंडळात किंवा शाळेत कार्यानुभवाच्या तासाला विणकाम शिकवणाऱ्या सगळ्या जणींना सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच एक. १९९१ ते २०१७ अशी २६ वर्षं नौपाड्यातल्या दोन खोल्यांत वर्ग घेतला. बाहेरच्या खोलीत सतरंजी, खिडकीशी मी, भिंतीला टेकून मुली. ठाण्यात स्वेटर लागतो तो जानेवारीतले आठ-दहा दिवस, तरी वर्ग रिकामा कधी राहिला नाही. कुणाच्या नणंदेचा बाळंतविडा असायचा, कुणाचा भाचा अमेरिकेत असायचा आणि पावसाळ्यात तर दुपारी दुसरं करायचं काय. मग इमारत पुनर्विकासाला गेली, आम्ही घोडबंदर रोडला आलो आणि वर्ग मोडला. आता शनिवारी संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये पाच-सहा जणी येतात, तेवढंच.

गेल्या पावसाळ्यात तिथे एक बाई आली. चाळिशीच्या आतबाहेरची, ऐरोलीला नोकरीला. पिशवीतून वीतभर विणलेला पांढरा तुकडा काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "काकू, मी चौथीच्या सुट्टीत तुमच्याकडे येत होते. नौपाड्यात. तीन दिवस." मला ती आठवेना. "तिसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या डाव्या हातातली सुई काढून उजव्यात दिलीत. म्हणालात, आधी हात सुधार, मग विणू. मी चौथ्या दिवशी आलेच नाही." हे तिने हसत सांगितलं. मला हसता आलं नाही.

त्या रात्री मी एक हिशेब केला. साधारण दहा माणसांत एक डावखुरं असतं, हे आपण सगळ्याच ऐकून आहोत. वर्षाला ३० मुली धरल्या तरी २६ वर्षांत माझ्या सतरंजीवर ७८० मुली बसल्या. म्हणजे सत्तर-ऐंशी डावऱ्या असायला हव्या होत्या. मला आठवतात चार. बाकीच्यांचं काय झालं असेल? काहींनी निमूट हात बदलला असेल आणि मला पत्ताही लागला नसेल. काही चौथ्या दिवशी आल्या नसतील. आणि मी आईला सांगितलं असेल, "तिला आवड नाही हो."

हात बदलायला लावताना मी वाईट वागतेय असं मला कधी वाटलंच नाही, हेही कबूल करते. आपल्याकडे प्रसाद उजव्या हाताने घ्यायचा, हळदीकुंकू उजव्या हाताने लावायचं, लहान पोराला उजवा हात कळावा म्हणून "जेवायचा हात कुठला?" विचारायचं. भाषेतही तेच. चांगलं ते उजवं, बाजूला सारायचं ते डावललेलं. बाळाची कुंची विणायची म्हणजे शुभकार्य, ते डाव्या हाताने कसं? असं मी तोंडाने बोलले नसेन, पण मनात होतं. आता वाटतं, प्रसादाला हवा तर उजवा हात पुढे करा, पण सुईला कुठे तीर्थ घ्यायचंय?

तर तो पांढरा तुकडा. तिने फोनवर व्हिडिओ पाहून शिकायला घेतलं होतं. आरशात दिसावं तसं उलटं विणत होती. टाके उजव्या हातातल्या सुईवर, विणणारी सुई डाव्या हातात, ओळ डावीकडून उजवीकडे. एक ओळ सुलट, एक ओळ उलट, अगदी साधी वीण. पण कापड पुठ्ठ्यासारखं. ताणलं तर ताणत नव्हतं, आणि एकाआड एक ओळीत टाक्यांना पीळ पडलेला. तीनदा उसवून झालं होतं. माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? डाव्या हाताने असंच होणार. ६३ वर्षांची झाले तरी पहिला विचार तोच.

घरी येऊन दहा नंबरच्या सुया घेतल्या आणि दार लावून डाव्या हाताने विणायला बसले. वीस टाक्यांच्या चार ओळींना पाऊण तास लागला. बोटं ऐकेनात, सुई सटकायची, दोनदा टाका निसटला. ज्या कामात मी झोपेत हात चालवते, त्यात मी चौथीतली पोर झाले. तुम्ही प्रत्येकीने हे एकदा करून बघा. बाकीचं पत्र नाही वाचलंत तरी चालेल.

चौथ्या ओळीला मला तिची चूक सापडली. टाका सुईवर घोड्यावर बसल्यासारखा बसतो, एक पाय पुढे, एक मागे. आपण नेहमीच्या पद्धतीने विणतो तेव्हा टाक्याचा उजवा पाय पुढे असतो आणि आपण सुई त्या पुढच्या पायातून घालतो. आरशातल्या विणकामात डावा पाय पुढे हवा. तो पुढे येतो की मागे जातो, हे ठरतं आधीच्या ओळीत धागा सुईभोवती कुठून फिरवला त्यावर. तिने सुलट टाका व्हिडिओवरून शिकला होता, तो बरोबर होता. उलट टाका मात्र कुठल्याशा छापील कागदावरून. त्यात लिहिलं होतं, "धागा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवा." उजव्या हाताने विणणारीला ते बरोबर आहे. डाव्या हाताने विणणारीला बरोबर उफराटं. त्यामुळे उलट ओळीतले सगळे टाके चुकीचा पाय पुढे करून बसायचे आणि पुढच्या सुलट ओळीत ती पुढच्या पायातून सुई घालायची तेव्हा त्यांना पीळ पडायचा. म्हणून एकाआड एक ओळ. म्हणून कापड पुठ्ठा.

म्हणजे तिच्या हाताचा काही दोष नव्हता. तिला सांगितलेलं वाक्यच तिच्यासाठी चुकीचं होतं. आणि अगदी असली वाक्यं मी २६ वर्षं बोलत होते.

आपण शिकवतो कसं ते आठवा. "उजवी सुई डाव्या सुईच्या टाक्यात घाल, धागा असा उजवीकडून घे, टाका उजव्या सुईवर ओढ." एका वाक्यात तीनदा उजवी. डावखुऱ्या मुलीने प्रत्येक शब्द डोक्यात उलटवायचा, मग हाताला सांगायचा. बरं, तिने प्रत्येक शब्द उलटवला तरी 'वर', 'खाली', 'पुढे', 'मागे' हे उलटवायचे नसतात, ते तसेच राहतात. हे तिला कोण सांगणार? आपल्याला तरी कुठे माहीत होतं?

पण यातच वाट आहे. आरशात उजव्याचं डावं होतं, वरचं खाली होत नाही. मग ज्या शब्दांना आरसा बाधत नाही तेच शब्द वापरले तर? मी शनिवारच्या वर्गात सुयांची नावं बदलली. जिच्यावर टाके आहेत ती भरली सुई, जिच्यावर घ्यायचे ती रिकामी. पहिल्या पाच टाक्यांपर्यंत झकास चाललं. मग आमच्याकडे येणारी एक नऊ वर्षांची डावरी चिमुरडी म्हणाली, "आजी, आता दोन्ही भरल्यात." खरंच की. ओळीच्या मध्यावर दोन्ही अर्ध्या भरलेल्या. मग तिनेच तोडगा काढला. एक टाके देते, एक घेते. देणारी सुई आणि घेणारी सुई. त्या दिवसापासून आमच्याकडे हेच चालतं.

आता सुलट टाका असा सांगते: धागा मागे ठेव. घेणारी सुई टाक्याच्या पुढच्या पायातून पुढून मागे घाल. धागा घेणाऱ्या सुईच्या खालून आणून वरून घे. टाका ओढून घे, जुना सोड. उलट टाका: धागा पुढे. घेणारी सुई मागून पुढे घाल. धागा घेणाऱ्या सुईच्या वरून खाली फिरव, मग ओढ. सुलटला खालून, उलटला वरून. घड्याळाचं नाव काढायचं नाही. हे उजव्या हातालाही तसंच्या तसं लागू पडतं, त्यामुळे वर्गात दोन भाषा बोलाव्या लागत नाहीत. आणि एक जास्तीचा फायदा: उलट टाक्याला धागा खालून घ्यायची खोड उजव्या हाताच्या मुलींतही भरपूर असते. "तुझी वीण घट्ट येते, हात सैल सोड" असं आपण ज्यांना वर्षानुवर्षं सांगितलं, त्यातल्या कितीतरी जणींचा हात सैलच असेल, धागा चुकीकडून येत असेल. टाक्यांचे पाय बघा आधी.

दाखवायचं कसं, हा पुढचा प्रश्न. सगळ्या सांगतात की उजव्या मुलीला शेजारी बसवावं, डाव्या मुलीला समोर. समोर बसली की आपण तिला आरशासारख्या दिसतो. खरं आहे, टाके घालायला आणि हाताची ठेवण दाखवायला हे फार छान. पण मी दोन शनिवार हे करून पाहिलं आणि अडले. समोरून तिला माझ्या विणीची पाठ दिसते. मी सुलट विणत असते, तिला दिसतात उलट टाके. मी धागा मागे नेते, तिला तो पुढे आलेला दिसतो. ड्रेसिंग टेबलच्या आरशात दाखवूनही तीच गत, आरसाही पाठच दाखवतो. शेवटी उपाय भाच्याने काढला. माझ्या खांद्यावरून, वरून खाली असा माझ्या हातांचा व्हिडिओ घेतला आणि फोनमध्येच तो आडवा उलटवला. बघते तर माझेच हात, माझ्याच बांगड्या, पण मी डावखुरी! दोन मिनिटांचं काम. टाके घालणं, सुलट, उलट, दोन टाक्यांचा एक करणं, टाके बंद करणं, असे पाच तुकडे करून ठेवलेत. तुम्हीही करा, कुणाही पोराला सांगा, ते हसत हसत करून देईल.

आता ज्या भीतीने आपण डाव्या हाताला नाही म्हणतो तिच्याबद्दल. "पुढे नमुना वाचताना अडेल." हे मीही म्हणायचे, आणि न तपासता म्हणायचे. तपासलं तर अडतं फार थोडं. डावखुरीने छापील कृती शब्द न बदलता तशीच विणली तर अख्खी वस्तू आरशातली होते. टोपडं, मोजे, मफलर, दुपटं, समोरून बंद स्वेटर ह्या गोष्टी दोन्ही बाजूंनी सारख्याच असतात, त्यांचं आरशातलं रूपही तेच. कुणाला ओळखायला येणार नाही. दोन टाक्यांचा एक करताना टाका आपल्याकडे उजवीकडे कलतो, तिच्याकडे डावीकडे. पण तिच्या गळ्याच्या दोन्ही बाजूही तशाच अदलाबदल झालेल्या असतात, त्यामुळे गळा ठीक बसतो. हेसुद्धा मी आता हात न सांगता सांगते: दोन टाके सरळ एकत्र विणले की टाका विणून झालेल्या बाजूकडे कलतो.

अडतं ते तीन ठिकाणी. एक, समोरून उघडा स्वेटर. कृतीत "उजवा पुढचा भाग" लिहिलं असेल तिथे तिचा डावा तयार होतो. दोन्ही भाग विणायचेच असल्याने स्वेटर पुरा होतो, फक्त काजं दुसऱ्या बाजूला जातात. बायकांच्या कपड्यांत काजं उजव्या भागावर, पुरुषांच्यात डाव्या. म्हणजे कृती बायकांची आणि स्वेटर नवऱ्याचा. आधी लक्षात घेतलं की काजांची पट्टी बदलून घ्यायची, संपलं. दोन, वेणीची वीण. टाके सुटी सुई लावून पुढे धरले की आपली वेणी डावीकडे वळते, तिची उजवीकडे. दोन वेण्या समोरासमोर असतील तर प्रश्नच नाही, एकच असेल तर ती दुसरीकडे वळलेली दिसेल आणि तेवढ्याने कुणाचं काही बिघडत नाही. तीन, चौकटींच्या कागदावरचं चित्र किंवा अक्षर. ते सुलट ओळीला आपण उजवीकडून वाचतो, तिने डावीकडून वाचायचं. हे नाही सांगितलं तर मात्र फजिती. बाळाच्या स्वेटरवर नावाचं पहिलं अक्षर घातलं आणि ते आरशातलं आलं, तर सगळं उसवायचं. ("ठ" घालायचा असेल तर बेफिकीर राहा. ठ दोन्हीकडून सारखाच. ठाणेकरांना तेवढी सवलत आहे.)

क्रोशाचं थोडक्यात सांगते. तिथे सगळं काम एकाच सुईचं, त्यामुळे हात आणखी महत्त्वाचा. डावरीला सुई डाव्याच हातात द्या, साखळी आणि खांब डावीकडून उजवीकडे जाऊ द्या. तिथे तर मी कधीही उजव्या हाताचा हट्ट धरणार नाही.

विणकामात मात्र हट्ट दोन्ही बाजूंनी धरू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. हल्ली नवीन नवीन कळलं की आपण दुसऱ्या टोकाला जातो. डावखुरी दिसली की लगेच "तू आरशातलंच विण." तसंही नाही. दोन सुयांच्या विणकामात दोन्ही हात काम करतात. कितीतरी डावखुऱ्या नेहमीच्या पद्धतीने सुखाने विणतात, त्यांना कसलाही त्रास नसतो. काहींना मधली वाट आवडते: टाके नेहमीसारखे डाव्या सुईवर, पण धागा डाव्या तर्जनीवर घ्यायचा आणि उजव्या सुईने तो उचलायचा. युरोपात पुष्कळ बायका, उजव्या हाताच्यासुद्धा, असंच विणतात, त्याला काँटिनेंटल पद्धत म्हणतात. यात डावा हात धाग्याचा ताण सांभाळतो, त्याला महत्त्वाचं काम मिळतं, आणि छापील कृतीतला एक शब्दही बदलावा लागत नाही. ज्या उजव्या हातात सुई धरून क्रोशा शिकल्यात त्यांच्या डाव्या हाताला धागा धरायची सवय आधीच असते, त्यांना ही पद्धत पटकन येते. दर १३ ऑगस्टला डावखुऱ्यांचा दिवस म्हणून आपल्याला फॉरवर्ड येतात, त्यात सचिनचं नाव असतंच. तो लिहितो डाव्या हाताने आणि बॅटिंग केली उजव्या. त्याला कुणी विचारलं का, की एकदा ठरव काय ते?

मग ठरवायचं कसं? मी आता पहिला तास काहीच शिकवत नाही. दोन सुया आणि लोकरीचा गुंडा देते, पाच-सहा टाके स्वतः घालून देते आणि म्हणते, "खेळ." कुठली सुई हलते, धागा कुठल्या हाताकडे जातो, ते बघत बसते. मोठ्या बाईला सरळ विचारते. तीन-चार शनिवार एका पद्धतीने जाऊ देते, पटलं नाही तर बदलू देते. लवकर बदललेलं बरं असतं, अर्ध्या स्वेटरात पद्धत बदलली की वीण कुठे बदलली ते दिसतं.

तुमच्यापैकी ज्या शाळेत शिकवतात त्यांना एक वेगळी विनंती. तुमच्याकडे चाळीस-पन्नास मुलं, तास पस्तीस मिनिटांचा, प्रत्येकाला खेळायला देणं शक्य नाही, हे कळतं मला. पण फळ्यावर लिहिताना उजवी-डावीऐवजी देणारी-घेणारी लिहायला वेळ जास्त लागत नाही. आणि तपासताना तुकडा उलटा विणलाय म्हणून गुण कापू नका. टाके मोजा, कडा बघा, टाक्यांचे पाय बघा. कुठल्या हाताने विणलं हे कापडावरून ओळखता येतं का, ते एकदा डोळे मिटून, नुसतं चाचपून बघा.

ऐरोलीवाली बाई आता नियमित येते. तो पुठ्ठा तिने उसवला, चौथ्यांदा. उलट टाक्याला धागा वरून घ्यायला लागली आणि वीण मऊ झाली. सध्या बहिणीच्या बाळासाठी पिवळा स्वेटर चाललाय, समोरून उघडा. काजं कुठल्या भागावर हे मी तिला सांगितलं नव्हतं. तिने स्वतःच आधी कागदावर दोन्ही भाग काढून बाण मारून ठेवले होते. मला दाखवलं आणि म्हणाली, "बघा बरं काकू, बरोबर आहे ना?" बरोबर होतं. मी दोनदा तपासलं, कारण मला अजून तिच्याइतकं पटकन उलटवता येत नाही.

तुमच्याकडे डावखुरी विद्यार्थिनी असेल आणि ती कुठे अडत असेल तर शनिवारी संध्याकाळी घेऊन या. मी जमेल तेवढं सांगेन, आणि मला नाही सांगता आलं तर ती नऊ वर्षांची सांगेल.

तुमची,
नौपाड्यातली जुनी विणकामाची बाई

ता. क. : १९९५-९६च्या सुमाराला माझ्याकडे तीन दिवस येऊन बंद झालेल्या आणखी कुणी असाल, आणि हे वाचत असाल, तर सुया घेऊन या. फी तेव्हाच भरलेली आहे.